नखाएवढं फूल, कोसभर डोंगर

मामांच्या साताऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो फोटो पसरला होता. वीस बाय तीस इंचांचा, गेल्या सप्टेंबरात कासच्या पठारावर काढलेला. पुढे तेरड्याचा गुलाबी ताटवा, मधे गेंदांची पांढरी शिंपण, मागे डोंगरांची रांग. कॅमेरा माझा होता, आकडे मामांचे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून आम्ही दोघंही खूश झालो होतो, बैठकीच्या भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. छापून आल्यावर मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदावर वाकले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

तेरडा किंचित पुसट होता. डोंगरही किंचित पुसट होता. अगदी लख्ख, कणन् कण मोजता येईल असं काय आलं होतं, तर तेरड्याच्या मागचं जांभ्या दगडाचं उघडं टक्कल. तिथे फूल नव्हतं, गवत नव्हतं, बघावं असं काहीच नव्हतं.

मामांनी चाळीस वर्षं फोटो काढले आहेत, त्यातली पंचवीस फिल्मवर. निसर्गचित्रात सगळं स्पष्ट दिसलंच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. एका फोटोत एकच गोष्ट बोलावी, बाकीच्यांनी मागे राहावं, हे माझं. त्या दुपारी वाद सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी पठारावर जाऊनही तो चालूच राहिला.

मामा : फोकसचा तक्ता चुकत नाही. २४ मिलिमीटरची लेन्स, एफ/११, फोकस पावणेदोन मीटरवर. सत्त्याऐंशी सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. पहिला तेरडा नव्वद सेंटिमीटरवर होता, मी टेप लावून मोजला होता.

मी : तक्ता चुकला नाही, मामा. तो ज्या कागदासाठी केला होता तो कागद वेगळा. ठिपका पसरून ०.०३ मिलिमीटरचा झाला तरी त्याला ठिपकाच म्हणायचं, ही सवलत त्यात आधीच धरली आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरून पुस्तकाच्या पानाएवढी प्रत काढायची तेव्हा ती चालायची. आठ-साडेआठ पट वाढवल्यावर तो ठिपका कागदावर पाव मिलिमीटर होतो आणि वीतभर अंतरावरून डोळ्याला खुपत नाही. आपण तीस इंचांची प्रत काढली, म्हणजे एकवीस पट. तोच ठिपका सहा दशांश मिलिमीटरच्या पुढे गेला.

मामा : भिंतीवरचा फोटो वीतभर अंतरावरून कोण बघतं? माणूस सहा फुटांवर उभा राहतो.

मी : तुम्ही आत्ता वाकून पाहिलंत.

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. निसर्गचित्राशी माणसं असंच वागतात. आधी लांबून पाहतात, मग एखाद्या कोपऱ्याशी जातात, तिथे कुठलं फूल आहे, कुठली वाडी आहे ते शोधतात. लग्नाच्या फोटोत आपण चेहरा ओळखून थांबतो. डोंगराच्या फोटोत आपण चालत राहतो.

मी : आणि मला त्या तक्त्याची खरी भीती वेगळीच वाटते. तो सवलत दोन्ही टोकांना सारखी वाटतो. जवळचं फूल सवलतीच्या अगदी काठावर, दूरचा डोंगरही काठावर. पूर्ण स्पष्ट फक्त मधली एक जागा, आणि ती जागा आपण निवडलेली नाही, भागाकारानं निवडली. आपल्या वेळी तिथे दगड होता.

मामा : मग छिद्र आणखी बारीक करायचं. एफ/२२.

मी : एफ/२२ ला प्रकाशच पसरतो. विवर्तन. छिद्र जेवढं बारीक, तेवढा प्रत्येक ठिपका फुगतो. एफ/८ ला साधारण ०.०११ मिलिमीटर, एफ/१६ ला ०.०२१, एफ/२२ ला जवळजवळ ०.०३. म्हणजे जिला टाळायला निघालो तीच पुसटाई, आता सगळ्या फोटोभर. फोकसमधलं फूलसुद्धा त्यातून सुटत नाही.

मामा : छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि त्याच्या मित्रांनी १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत मंडळ काढलं, त्याचं नावच एफ/६४ होतं. हातचं राखून न ठेवता सगळं दाखवायचं, ही त्यांची प्रतिज्ञा.

हा मामांचा लाडका दाखला. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी स्वतःच त्याची दुसरी बाजू मांडली. वादातही खरं ते सांगून टाकतात, ही त्यांची सवय मला फार आवडते.

मामा : अर्थात, त्यांची फिल्म आठ बाय दहा इंचांची. तिच्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स म्हणजे साधीच लेन्स. ३०० ला ६४ ने भाग, छिद्र भरतं पावणेपाच मिलिमीटरचं. तुझ्या कॅमेऱ्यावर फोकसची तेवढीच खोली आणि तेवढंच विवर्तन हवं तर एफ/८ किंवा एफ/९ पुरे. त्यांचा ६४ हा आकडा उचलून आपल्या लेन्सवर २२ लावणं म्हणजे मोठ्या भावाचा सदरा अंगात घालणं. पण अगं, त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. भात्याचा कॅमेरा. भिंगाची पाटी पुढे झुकवता यायची. पाटी झुकली की फोकसचं प्रतल आडवं होतं, जमिनीवर सतरंजीसारखं पसरतं. शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. हवेतून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायचे, त्यासाठी. कासच्या सपाट पठारासाठी याहून चांगलं काय असेल?

मी : पण तेरडा सतरंजीवर झोपत नाही, उभा असतो. तुमची सतरंजी जवळ येईल तशी पातळ होत जाते. बुंधा स्पष्ट येईल, शेंडा नाही.

मामा : ते खरं. एकदा तशी लेन्स भाड्यानं आणली होती, तेव्हा नेमकं हेच झालं.

मग मी माझा पूर्वज काढला. पीटर हेन्री एमर्सन, इंग्लंडमध्ये काम केलेला डॉक्टर-छायाचित्रकार. १८८९ सालच्या पुस्तकात त्यानं म्हटलं की डोळा एका वेळी एकाच जागी स्पष्ट पाहतो, म्हणून फोटोतही मुख्य गोष्ट स्पष्ट असावी आणि बाकीचं जरा मऊ. नॉरफोकच्या दलदलीतले, लव्हाळ्याच्या बेटांतले, होड्यांचे त्याचे फोटो मला आजही हवेहवेसे वाटतात. हवेला वजन असतं असं त्यात जाणवतं.

मामा : डोळा एका जागी पाहतो, कबूल. पण तो थांबत नाही ना. पठारावर तू फुलाकडे पाहिलंस, फूल स्पष्ट. मान वर केलीस, डोंगर स्पष्ट. पाहशील ते स्पष्ट, हाच तुझा अनुभव. आता फोटोसमोर उभी राहा. पुसट डोंगराकडे कितीही पाहा, तो स्पष्ट होत नाही. म्हणजे तुझ्या त्या डॉक्टरनं एका क्षणाचा डोळा पकडला आणि माणसाला त्या क्षणात कोंडलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मामांनी फोटोची गुंडाळी केली, खिळा तसाच राहिला. उद्या सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचा असं ठरलं.

*

पठारावर पोचलो तेव्हा धुकं होतं. दहा पावलांवरचा माणूस दिसतो, तीसवरचा नाही, असं. मधूनच पडदा विरायचा, बामणोलीच्या बाजूचे डोंगर निळे, मग राखाडी व्हायचे, पुन्हा जायचे. तेरडा भरात होता. ओलाव्यात सीतेची आसवं, नखाएवढी, निळसर जांभळी. गेंद वाटाण्याएवढा, काडीवर तोललेला. सोनकीचं पिवळं अजून तुरळक.

मामांनी सवयीनं तक्ता काढला.

मी : मामा, एक मिनिट. आज डोंगरात बारकावा आहे का?

मामा : म्हणजे?

मी : धुक्यानं डोंगराच्या कडा आधीच पुसल्या आहेत. झाडं नाहीत, कातळाचे थर नाहीत, फक्त आकार आहे. त्याला लख्ख फोकस दिला तर तो काय दाखवेल? आकारच. नोव्हेंबरात, पाऊस धुऊन गेल्यावर, सह्याद्रीच्या कातळाचे आडवे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. तेव्हा डोंगराला फोकस देणं त्याचा हक्क आहे. तक्ता दोन्ही दिवशी सारखाच आकडा देतो.

मामांनी डोंगराकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग तक्ता खिशात ठेवला. ते बोलले काही नाहीत, पण मला ते पुरलं. बारकावा कुठे आहे हे आधी पाहायचं, फोकस तिथे द्यायचा, ही साधी गोष्ट आमच्या दोघांच्याही मतांमध्ये हरवली होती. ते सगळीकडे द्यायला बघत होते आणि मी जे जवळ असेल त्याला.

मामा : ठीक. आज फुलाचा दिवस. मग बस खाली, कॅमेरा जमिनीला टेकव, तेरड्याला भिड.

मी : बसायचं कुठे? वाटेच्या बाहेर पाय ठेवायचा नाही. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात घेतलेलं हे पठार आहे, आणि जांभ्यावरची माती जेमतेम बोटभर. एका फुलाच्या जवळ जायला मी पोटावर झोपले तर माझ्याखाली पन्नास चिरडतात. आणि ते फूलसुद्धा एवढ्या जवळून कॅमेऱ्याला पेलत नाही.

इथे मी जरा विस्तारानं सांगते, कारण कॅमेऱ्याची उंची ही निसर्गचित्रात सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला कापतं. कॅमेरा वीतभर उंचीवर ठेवला तर वीतभराहून उंच प्रत्येक काडी आकाशात घुसते, खुजी प्रत्येक काडी क्षितिजाच्या खाली राहते. म्हणजे आकाशावर कोण उभं राहणार, हे कॅमेरा दोन बोटं वर-खाली करून ठरवता येतं. तेरडा वर, गेंद खाली, किंवा दोघेही खाली. मांडणी म्हणजे डावीकडे-उजवीकडे सरकणं एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. गुडघे आणि पाठीचा कणा हीसुद्धा मांडणीची साधनं आहेत.

दुसरी गोष्ट अंतराची. २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या चौकटीत अगदी सरळ धरली, वर-खाली न झुकवता, की कॅमेरा जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या दुप्पट अंतरावरची जमीन चौकटीत पहिली येते. सेन्सर चोवीस मिलिमीटर उंच, त्याचा अर्धा बारा, लेन्स चोवीसची, म्हणून दुप्पट. फुलांच्या माथ्यापासून मोजलं तर फुलांनाही हाच हिशेब. माझा कॅमेरा छातीशी होता, फुलांच्या माथ्यापासून साधारण मीटरभर वर. म्हणजे चौकटीतलं पहिलं फूल दोन मीटरवर.

मामा : आणि माझा जुना नियम सांगतो, पहिल्या वस्तूच्या दुप्पट अंतरावर फोकस दे, म्हणजे ती वस्तू आणि क्षितिज दोन्ही सारखेच स्पष्ट. चार मीटर. एफ/११ ला डोंगराचा ठिपका किती पडतो?

त्यांनी मनातच आकडेमोड केली. अजूनही त्यांचं गणित माझ्यापेक्षा जलद आहे.

मामा : ०.०१३. एकवीस पटीनं पाव मिलिमीटरच्या जरासा वर. अगं, हे तर तीस इंचांनाही चालतं!

मी : काल जे लेन्सकडून मागत होतो ते उभं राहून मिळालं.

मामा : पण फूल गेलं. दोन मीटरवरून तेरडा म्हणजे गुलाबी ठिपका. कालच्या त्या फोटोत निदान पाकळी होती. आणि क्षितिज बरोबर मध्यावर येतंय, शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखं.

दोन्ही आक्षेप खरे होते. दुसऱ्याचं उत्तर सोपं. कॅमेरा खाली झुकवला तर जवळची जमीन पुन्हा पायाशी येते आणि सगळा हिशेब मोडतो. त्यापेक्षा सरळ धरून फोटो घ्यायचा आणि वरचं आकाश नंतर कापायचं. धुक्याच्या दिवशी त्या आकाशात नाही तरी काही नसतं. पहिल्या आक्षेपाशी मात्र मला थांबावं लागलं. उभं राहून फुलांचा फोटो काढला की फुलांचा रंग मिळतो, फूल मिळत नाही. तेरड्याचा पट्टा वळत वळत कुठे जातो, गेंदांचा पांढरा ओघळ त्याला कुठे कापतो, ओल कुठे चमकते, ही त्या फोटोची भाषा. एक फूल हवं असेल तर तो वेगळा फोटो, आणि त्याच्यासाठी वाटेच्या कडेला उगवलेलंच फूल शोधायचं. आम्ही गेल्या खेपेला दोन्ही फोटो एकाच चौकटीत कोंबले होते.

मामा : कोंबले नाहीत. पायाशी फूल आणि मागे डोंगर, हा आपल्या सह्याद्रीचा खरा अनुभव आहे. नखाएवढं फूल आणि कोसभर डोंगर एकाच नजरेत. तो मी सोडणार नाही.

त्यांचा आवाज थोडा चढला होता. त्यात हट्ट नव्हता. त्यांना ही जागा अशीच दिसते, एवढंच. मला वाटेच्या काठावर एक तेरडा दिसला, दगडाच्या फटीतून वर आलेला, कोणाला न तुडवता गुडघ्यावर बसून पोचता येईल असा. मी बसले.

अंतर साठ सेंटिमीटर. दुपटीच्या नियमानं फोकस एक मीटर वीसवर. त्यासाठी तक्ता एफ/१६ सांगतो, पण तो त्याच्या सवलतीनं. ढगाळ सकाळी आयएसओ १०० ला एफ/१६ म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, आणि कासला वारा कधी पूर्ण थांबत नाही. फोकस कितीही अचूक असला तरी डुलणारं फूल पुसट येतं, आणि ती पुसटाई बघणाऱ्याला फोकस चुकल्यासारखीच दिसते. मी एफ/११ घेतला, आयएसओ ८००, सेकंदाचा अडीचशेवा भाग. थोडा रवाळपणा आला तर आला. वाऱ्यानं हललेली पाकळी नंतर कशानंही जागेवर येत नाही.

मामा : जवळचा वेगळा आणि लांबचा वेगळा घेऊन जोडत का नाहीस? आता सगळे जोडतात.

मी : वारा नसेल तर जोडेन. आज दोन फोटोंमध्ये फूल जागा बदलतंय. जोडल्यावर पाकळीला दोन कडा येतील.

ऑटोफोकस पुढे वाकलेलं गवत पकडत होता, म्हणून तो बंद केला. पडद्यावर तेरड्याचा गळा दहापट मोठा करून हातानं कडं फिरवलं. फुलाच्या तोंडाशी एक थेंब होता, तो लख्ख झाला तिथे थांबले. डोंगर धुक्यात होता, त्याला मी काही दिलं नाही. आकार होता, तेवढा पुरे होता. दोन वेळा वारा आला, दोन वेळा वाट पाहिली, तिसऱ्यांदा शटर दाबलं. मामा मागून पडद्यात पाहत होते.

मामा : हं. फूल बोलतंय. डोंगर ऐकतोय.

हे मामांनी म्हणावं याचा मला आनंद झाला, पण तो संपायच्या आत धुकं उठलं. एकदम, कोणीतरी ओढून घ्यावं तसं. रांग उघडी पडली, कातळाच्या पायऱ्या, मधल्या घळीतली झाडी, एक पांढरी धार खाली पडणारी. पावसाळ्यात असा डोंगर मिनिटभर दिसतो.

मामा : आता? आता बारकावा तिकडे आहे ना?

त्यांनी माझंच वाक्य माझ्या हातात ठेवलं होतं. गुडघ्यावरून उठायला वेळ नव्हता. मी छिद्र एफ/११ वरच ठेवलं आणि फोकसचं कडं तेरड्यावरून काढून थेट डोंगरावर नेलं, त्या पांढऱ्या धारेवर.

मामा : अगं, तेरडा गेला! अनंतावर फोकस म्हणजे पुढचं सगळं पाण्यात!

मी : नाही जात. हॅरल्ड मर्कलिंगर नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं हे फार सुंदर मांडलंय. फोकस अनंतावर असला की समोरच्या प्रत्येक वस्तूवर पुसटाई छिद्राच्या व्यासाएवढीच पडते, वस्तू जवळ असो की लांब. २४ ला ११ ने भागा.

मामा : दोन पूर्णांक दोन दशांश. मिलिमीटर.

मी : तेरड्याचं फूल त्याच्या कितीतरी पट मोठं. म्हणजे पाकळीवरच्या शिरा जातील, पाकळी राहील. फूल ओळखू येईल. सीतेची आसवं कडेला विरघळतील, गेंद कापसाच्या बोळ्यासारखा होईल. दोन मिलिमीटरहून बारीक जे आहे ते आपण आज डोंगराला दिलं.

मामा वाकले, माझ्या खांद्यावर हात टेकून. पडद्यात एकदा तेरडा मोठा करून पाहिला, एकदा डोंगर. गुडघे दुखत असावेत, पण ते उठले नाहीत.

मामा : दोन मिलिमीटर. इतकी वर्षं तक्त्यात अंतरं पाहत आलो. फूल केवढं आहे ते कधी मोजलं नाही.

त्यांनी खिशातून टेप काढली, तेरड्याला न शिवता त्याच्यासमोर धरली आणि आकडा तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला. मग गेंदाचा. मग आसवांचा. तोवर धुकं पुन्हा खाली आलं होतं, आणि मी कडं उलटं फिरवून परत फुलावर आणत होते.